व्याह्याच्या निळ्या स्प्रिंगा

शनिवारी फुटबॉलचा सामना असला की गावातले लोक गाड्या मैदानाच्या कुंपणाला टेकवून उभ्या करत. तोंड मैदानाकडे, शेपूट रस्त्याकडे. आपल्या संघाने गोल केला की सगळे हॉर्न वाजवत. मर्व्ह हॅलमही तसाच बसला होता, पण त्याचं लक्ष खेळात नव्हतं. चार गाड्या सोडून पलीकडे त्याचा व्याही सिल्वानो याची गाडी येऊन लागली होती. तिच्यावर शिकाऊ चालकाची पिवळी पाटी होती आणि स्टिअरिंगवरून उतरली ती जोसी. मर्व्हच्या लेकीची लेक आणि सिल्वानोच्या लेकाची. मर्व्हला ती पॉप म्हणे, सिल्वानोला नोनो.

दोन्ही आजोबांच्या गाड्या एकाच जातीच्या, जुन्या किंग्जवूड. पण सिल्वानोची मागून पाहिली तर टेबलासारखी सपाट. मर्व्हची मागे बसलेली, ओरडा खाल्लेल्या कुत्र्यासारखी.

जोसी चिप्सचा पुडा घेऊन त्याच्या खिडकीशी आली. "पॉप, घे. सॉस जास्त घातलाय."

"गाडी मी शिकवणार होतो ना तुला?"

"शिकव की! पण तुझ्या गाडीत बसलं की मला नुसतं आभाळ दिसतं. मागून किती बसलीय ती. वळणावर अशी हेलकावते, आई म्हणते, कोळ्याच्या होडीतून आल्यासारखं वाटतं."

"आणि त्याची?"

"नोनोची मस्तच. त्याने मागे नव्या स्प्रिंगा घातल्यात. परीक्षापण त्याच गाडीत देईन म्हणते."

मर्व्हने हॉर्न दाबला. गोल कोणीच केला नव्हता.

मध्यंतरात लोक चहाला गेले, तसा तो सिल्वानोच्या गाडीमागे जाऊन सरळ गवतावर आडवा झाला. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला दोन जाड, निळ्या, कोऱ्या स्प्रिंगा होत्या. इतक्यात त्याच्या नाकासमोर दोन बूट येऊन थांबले.

"काय व्याहीबुवा," वरून सिल्वानोचा आवाज आला, "काही सांडलं का?"

"किल्ली."

"किल्ली तर तुझ्या हातात आहे."

सोमवारी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान उघडायच्या आधी मर्व्ह दारात हजर. काउंटरवर ग्लेनिस होती. तिने सवयीने विचारलं, "मागे काय वाहतोस? गॅसची टाकी आहे? काही ओढतोस?"

"सिल्वानोला दिल्यास त्या निळ्या स्प्रिंगा दे. नाही, थांब. त्याच्याहून एक नंबर वरच्या, अजून कडक."

"अरे, तो मागे पाण्याचे कॅन वाहतो. त्याची ऑलिव्हची रोपं टेकाडावर आहेत, कालव्याचं पाणी तिथवर चढत नाही. गाडी कायम भरलेली असते त्याची."

"मीपण मागे कॅरव्हान ओढतो, अख्खं चाकांवरचं घर."

"ती तू माझ्या भावाला विकलीस, मर्व्ह."

"दुसरी घेणार आहे!"

ग्लेनिसने खालून स्प्रिंगा काढल्या, पण बोलायची थांबली नाही. "शॉकअप उड्या थांबवतात, रबरी बुश खडखड थांबवतात. ओझं उचलते ती स्प्रिंग. ओझंच नसेल तर ती दबणार कशी? साध्या घे. तुझ्या गाडीला साध्याच शोभतील."

'साध्याच' हा शब्द मर्व्हला मिरचीसारखा झोंबला. सिल्वानोला निळ्या आणि आपल्याला साध्या! त्याने एक नंबर वरच्याच उचलल्या. नवे शॉकअप आणि बुशही घेतले.

दोन दिवस तो गाडीखाली होता. गाडी खाली उतरवल्यावर त्याची बायको डल्सी अंगणात आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"छान," ती म्हणाली. "तळ्यातलं बदक दिसतंय. डोकं पाण्यात, बूड वर."

"वापरली की बसेल."

"तुझा जीव कधी बसेल? पोरगी एक दिवस त्याच्याकडे गेली, तर नवी नवरी पळवल्यासारखं करतोस."

रविवारी जोसी आली. आता तिला रस्ता छान दिसत होता, खरं तर जरा जास्तच दिसत होता. डांबरावर गाडी बरी चालली. कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्याला लागताच मात्र खेळ बदलला. त्या रस्त्याला उन्हाळ्यात पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. मऊ स्प्रिंग दबते, चाक वळीवरून खालीवर होतं आणि गाडी आपली स्थिर राहते. ही स्प्रिंग दबेचना. मग चाकाऐवजी गाडीच उडू लागली. वळणावर मागचा भाग खार टुणटुणत जावी तसा बाजूला सरकला. जोसीने ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन थांबली, कालव्यापासून हातभर अंतरावर.

जोसीने इंजिन बंद केलं. "मी काही चुकले का, पॉप?"

एवढं विचारलं तिने. मर्व्हला उत्तर ठाऊक होतं.

"नाही गं. स्प्रिंगा चुकल्या. त्या मी घेतल्या."

"मग मी नोनोला बोलावते. मला नाही चालवायची ही."

कोणालाही बोलाव, पण त्याला नको, असं मर्व्हच्या ओठांवर आलं होतं. त्याने खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला.

सिल्वानो आला, गाडी नेहमीसारखी पाण्याच्या कॅननी भरलेली. त्याने मर्व्हच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, उंच शेपटीवर हात ठेवून दाबून पाहिलं. काही हललं नाही. तो हसला मात्र नाही. त्याचाच मर्व्हला जास्त राग आला.

"माझ्याहून कडक घेतल्यास?"

"तुझे कॅन दे," मर्व्ह तुटकपणे म्हणाला.

"का?"

"दे म्हणतो ना. तुझ्या झाडांना पाणी मी घालीन. दर रविवारी. पण रविवारी जोसी माझी गाडी चालवणार."

सिल्वानोने जोसीकडे पाहिलं. जोसीने खांदे उडवले. "कॅन टाकून बघूया. उडाली तर उतरेन."

दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत सगळे कॅन इकडून तिकडे नेले. प्रत्येक कॅनगणिक गाडीची शेपूट थोडी थोडी खाली आली आणि शेवटी सपाट झाली. जोसी बसली, सावकाश निघाली. वळ्या आल्या, गाडी नुसती गुणगुणली आणि पुढे गेली.

"पॉप! किती मस्त चालतेय!"

"त्याच्यापेक्षा?"

"पॉप, मी गाडी चालवतेय. गप्प बस."

मर्व्ह गप्प बसला आणि आरशात बघू लागला. मागून सिल्वानोची रिकामी गाडी येत होती. प्रत्येक वळीवर ती शिंगरासारखी उधळत होती आणि आत सिल्वानोची टोपी छताला लागत होती. इतकं सुख मर्व्हला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

टेकाडावर मात्र कॅन उतरवायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. बोलीच तशी होती. तो एकेका रोपाशी कॅन नेऊन ओतू लागला. सिल्वानो सावलीत बसून संत्रं सोलत होता.

"व्याहीबुवा, टोकाचं राहिलं हं!"

मर्व्हने मान वर केली. जोसी नोनोच्या शेजारी बसली होती, त्याच्या हातून फोड घेत होती आणि मर्व्हची गाडी वळणावर कशी सरकली ते दोन्ही हातांनी करून दाखवत होती. नोनो पोट धरून हसत होता.

मर्व्हने टोकाच्या रोपाशी अख्खा कॅन उपडा केला. माती वाहून गेली तरी ओततच राहिला.