आईच्या नावाचा भुंगेरा

"पंख नाहीत म्हणून वेगळी प्रजाती?" नव्या रस्त्याच्या सर्वेक्षणाला आलेले तज्ज्ञ खुर्चीत रेलून म्हणाले. "मग टक्कल पडलं म्हणून आमच्या काकांनाही वेगळं काढायला हवं."

शाळेचा वर्ग हशाने भरून गेला. निम्मं बेट बाकांवर दाटीवाटीने बसलं होतं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा जन्म याच बेटावरचा, पण उमेदीची सगळी वर्षं गेली पलीकडच्या शहरात, संग्रहालयाच्या कीटक विभागात. गाव त्यांना माघारी भुंगेरेबाई म्हणे.

"केसांची गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावरच्या भुंगेऱ्याच्या पाठीवरची कवचं उघडतात. खाली पंख असतात. आपल्या डोंगरमाथ्यावरच्या भुंगेऱ्याची कवचं मधोमध जुळून गेलीत, उघडतच नाहीत. पंखांच्या जागी नुसती टिकली. उडायचे स्नायू नाहीत, म्हणून छातीचा मागचा भाग आखूड, खांदे उतरते. आता, एकाच प्रजातीत पंख लहानमोठे असू शकतात, हे मलाही मान्य आहे. नुसत्या पंखांवर मी गेलेच नाही. नराचं जननेंद्रिय तपासलं. त्याची घडण अगदी वेगळी—"

पुढचं कोणी ऐकलंच नाही. "बाईंनी भलतंच बारकाईनं बघितलंय," असं मागून कोणीतरी म्हणालं आणि बाक गदगदा हलले. दुसऱ्या रांगेत बाईंचा धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता.

"आणि बाईंनी नाव कुणाचं दिलंय बघा," म्हणत तज्ज्ञांनी लॅटिन नाव वाचून दाखवलं. शेपूट परकी होती, पण आत बाईंच्या आईचं नाव होतं. भावाने झटकन वर पाहिलं. "ते आता रद्द. किनाऱ्यावरचा आणि हा एकच. तेव्हा माथ्यावरून रस्ता न्यायला काही हरकत नाही."

बाईंनी सूक्ष्मदर्शक पेटीत ठेवला. आता तोंड उघडलं तर शिवीच बाहेर पडेल, म्हणून त्या न बोलता निघाल्या.

भावाने मात्र घरी जेवायला बसेपर्यंतच दम धरला.

"किड्याला आईचं नाव?" त्याने ताट पुढे ढकललं. "आणि वर भर गावात तसलं बोलायचं. मी तोंड कुठं लपवू?"

"तसलं म्हणजे काय? भुंगेरे त्यावरूनच ओळखतात."

"तुम्ही ओळखा. आईला कशाला ओढलंस मध्ये?"

"तिनंच दाखवला मला. सरपणाला माथ्यावर जायची ना, तेव्हा दगड उचलून दाखवायची. म्हणायची, याला छळू नकोस, हा आपल्या इथलाच आहे."

"आणि त्याच आईला खांद्यावरून खाली आणताना ती वाटेत गेली. धक्क्यावर बोट उभी होती, ताई. पलीकडे डॉक्टर होता. मध्ये रस्ता नव्हता. तू कुठं होतीस तेव्हा?"

"अहो, जेवताना नको," भावजय म्हणाली.

"रस्ता नको असं मी कधी म्हटलं?" बाईंचा आवाज चढला. "खालच्या अंगानं काढा म्हणते. माथ्यावरूनच का, तर तिथला दगड फोडून पलीकडे विकायचाय. तुला ठाऊक नाही होय? पोकलेन तूच चालवतोस."

भाऊ खरकट्या बोटांकडे बघत राहिला. "तू निघून गेलीस. आम्हाला इथंच राहायचंय. देतील तो रस्ता घ्यायचा."

बाई हात धुवायला उठल्या. तांब्या आपटला गेला. मागून भाऊ म्हणाला, "तो साहेब रद्द म्हणाला. रद्द म्हणजे?"

"दोन्ही एकच ठरले की आधीचं नाव राहतं. नंतरचं खोडतात."

"म्हणजे आईचं?"

"आईचं."

"कुणाला विचारून?"

"देताना तरी कुणाला विचारलं होतं," भावजय पुटपुटली.

सकाळी बाई डबा घेऊन माथ्यावर गेल्या. धुक्याने शेवाळ निथळत होतं. इथे वारा असा, की उडणारं जे जे होतं ते कधीकाळी समुद्रात फेकलं गेलं. दगडाखाली दडून गोगलगायी खाणारेच तगले. दगड उचलला की काळेभोर भुंगेरे उंच पायांवर पळायचे, बाई त्यांना धरून डब्यातल्या ओल्या शेवाळात सोडायच्या. तेवढ्यात पोकलेन घरघरत वर आलं. पुढे हेल्मेट घातलेले तज्ज्ञ.

भावाने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

"साहेब, तुम्ही तो भुंगेरा उघडून बघितला होता का?"

"फोटो पाहिलेत. स्पष्ट आहेत."

"फोटोत पाठ दिसते."

"हे बघ, तुझं काम खोदायचं."

"आणि तुमचं बघायचं. फोटो बघून माझ्या आईचं नाव खोडलंत?" त्याने किल्ली तज्ज्ञांच्या हातात कोंबली. "घ्या. खोदा तुम्हीच."

दुपारच्या बोटीने दुसरा चालक आला. यंत्र पुन्हा सुरू झालं. बहीणभाऊ त्याच्या पुढे पुढे दगड उचलून भुंगेरे वेचत राहिले, हॉर्न वाजवून हाकलून देईपर्यंत. मागे शेवाळ सोलून निघालेला माथा उघडा पडत होता.

"तुमचं बरंय, ताई," दोघं निघाले तेव्हा भावजय दारातच म्हणाली. "तुम्ही जाल. चूल मला पेटवायचीये." ती धक्क्यावर आली नाही.

भाऊ आला. त्याला आता काम पलीकडेच शोधायला हवं होतं. बोटीत तो भुंगेऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला.

"जगतील?"

"गार खोलीत ठेवीन. थोडे दिवस जगतील. अंडी घालतील असं वाटत नाही."

"मग कशाला आणले?"

"वेगळे आहेत म्हणून दाखवायला."

"कुणाला?"

"जो उघडून बघेल त्याला."

भावाने डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं.

"माझा राग गेलेला नाही," भाऊ म्हणाला.

"माझाही नाही."

खोल पाण्यात बोट आडवी डुलू लागली. खारे शिंतोडे आत येऊ लागले. भावाने अंगातलं जाकीट काढून डब्याभोवती गुंडाळलं आणि किनारा लागेपर्यंत, स्वतः भिजत, तो डबा मांडीवर सपाट धरून ठेवला.