एकेचाळीस नंबरचे तेवीस तास

डॉक्टरबाईंचा स्वभाव तसा गरीब. पण त्यांच्या छापून आलेल्या आकड्यांवर कोणी बोट ठेवलं, की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. लहान मुलांच्या वाकड्या मणक्यांवर त्यांनी बारा वर्षं डोकं शिणवलं होतं. काखेपासून कमरेपर्यंतचा कडक प्लॅस्टिकचा ब्रेस मूल दिवसाला जितके तास घालेल, तितका मणका सावरतो, असा त्यांचा बावन्न मुलांवरचा पेपर मागच्या वर्षी छापून आला. प्रत्येक ब्रेसच्या आत बटणाएवढं एक यंत्र होतं. ते ऊब मोजायचं. ऊब आहे म्हणजे आत मूल आहे, असा सरळ हिशोब. मुलांच्या शब्दावर कोण विसंबणार? ती तर छातीठोक थापा मारतात.

बावन्नांत एकच मुलगी आडवी आली, एकेचाळीस नंबर. रोज तेवीस तास ब्रेस आणि तरी पाठ वाकतच चाललेली. बाईंनी तिच्यावर वेगळा परिच्छेद लिहिला, की काही मणके ब्रेसलाही दाद देत नाहीत. सगळ्यात जास्त कौतुक नेमकं त्या परिच्छेदाचं झालं.

आज ती तेरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर समोर बसली होती. एक्स-रेवर वाक बेचाळीस अंशांचा. ब्रेस हरला म्हटल्यावर उरतं ऑपरेशन: मणक्याला सळ्या लावायच्या. पाठ सरळ होते, पण तेवढा भाग जन्मभर वाकत नाही.

"आता तारीख घेऊनच जातो," वडील म्हणाले.

ऑपरेशनच्या अर्जाला ब्रेसची पूर्ण नोंद जोडावी लागे. बाई एरवी फक्त तासांची बेरीज बघत. आज पहिल्यांदाच त्यांनी रोजच्या तापमानाची पानं छापली आणि चष्मा वर सरकवला.

"तुला ताप असतो का गं?"

"नाही."

"मग ब्रेसमध्ये साडेसदतीस कसं? बाकीच्या मुलांचं पस्तिसाच्या पुढे जात नाही."

मुलगी बुटांकडे बघू लागली.

"अगं, विचारतायत ना त्या!" वडील म्हणाले.

"बोका," ती पुटपुटली. "आमचा बोका झोपतो त्यात."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. वर्गात बाकावर बसलं की ब्रेस ठकठक वाजायचा आणि सगळे वळून बघायचे. एकदा तो घरी खुर्चीवर राहिला, त्यात बोका शिरला आणि पुढच्या तपासणीत बाईंनीच पाठ थोपटली. त्यानंतर पोरीने रीतसर प्रयोग केले. गरम पाण्याची पिशवी दोन तासांत गार पडते. उशीचा उपयोग नाही. बोका मात्र खायलाप्यायला तेवढा तासभर उठतो. ब्रेस पलंगाखाली, अंगात ढगळ शर्ट, घरच्यांना पत्ता नाही.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "आणि आम्ही हिला दोन वर्षं शाबासकी देतोय!"

बाईंना आधी तो परिच्छेद आठवला आणि कान गरम झाले. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ब्रेस हरला नव्हताच! तो कोणी घातलाच नव्हता. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी अर्ज बाजूला सारला.

"सहा महिने थांबू. वाढ संपायला अजून वेळ आहे. ठकठक वाजतो तिथे मी रबर लावून देते. रडत घाल, भांडत घाल, पण तूच घाल."

"माझ्यामुळे तुमचं छापलेलं चुकलं?"

"चूक माझी. किती गार चालणार नाही ते ठरवलं, किती गरम चालणार नाही ते ठरवायचं राहिलं."

त्याच आठवड्यात बाईंनी जर्नलला दुरुस्ती पाठवली: एकेचाळीस नंबरचे तास मांजराचे आहेत. लिहिताना जिवावर आलं. छापून आल्यावर सहकारी पोट धरून हसले, आणि त्यांतल्या दोघांनी गुपचूप आपापल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या.

सहा महिन्यांनी नवा एक्स-रे निघाला. बाईंनी तो स्वतः मोजला नाही. मनासारखा आकडा हवा असला, की हातातली पट्टी आपसूक सरकते, हे त्या जाणून होत्या. फिल्मवरचं नाव झाकून त्यांनी ती शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांकडे दिली आणि येऊन बसल्या. मुलीने बापाची बाही घट्ट धरली होती.

चिठ्ठी आली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"बेचाळीसाचे छत्तीस," त्या म्हणाल्या.

वडिलांना काही उमगलं नाही. खिशातून पेन काढत ते म्हणाले, "म्हणजे तारीख कधीची लिहू?"

"कसली तारीख?" बाई म्हणाल्या. "घरी घेऊन जा पोरीला."