सॅम्पल फ्लॅटचा ताबा

अरिबाने रिअल इस्टेटच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा आगरदांड्याच्या घरी कुणालाच तो नीट कळला नाही. तिच्या अम्मीचं, फरिदाचं म्हणणं असं की जागा विकायला कॉलेजात जावं लागत असेल तर उद्या सुरमई विकायलाही तीन वर्षं लागतील. अरिबा मात्र माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर भाळली होती. ही पदवी घेतलेला माणूस पुढे मूल्यांकनकार होऊ शकतो, सोसायट्यांचा कारभार पाहू शकतो, बिल्डरचा सल्लागार होऊ शकतो, अगदी परदेशातले मॉलही चालवू शकतो, असं त्यात छापलं होतं आणि शेजारी टाय लावलेला एक माणूस हसत होता.

कॉलेज पेणच्या पुढे, हायवेला लागून. तिथले विभागप्रमुख विनेश सर म्हणजे तळमळीचा माणूस. केमिस्ट्रीवाल्यांना प्रयोगशाळा असते तर आपल्याला का नको, म्हणून त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन वर्गांमधली भिंत पाडून घेतली आणि तिथे चक्क सॅम्पल फ्लॅट उभा केला. हॉल, किचन, बेडरूम. बिल्डर लोक करतात तसंच सगळं. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून पलंग आखूड, सोफा अरुंद. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची, गॅसची शेगडी ओट्यावर रंगवलेली. हॉलच्या खिडकीत काशीदच्या समुद्राचा मोठा फोटो लावला होता आणि त्याच्यामागे ट्यूबलाइट. बटण दाबलं की समुद्र लागायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात हा फ्लॅट विकून दाखवायचा असे. गिऱ्हाईक खरं हवं, म्हणून प्रत्येकाने घरातलं एक माणूस आणायचं आणि ते दुसऱ्याच्या वाट्याला द्यायचं, असा सरांचा नियम होता. स्वागताला गुण, माहितीला गुण, शंकानिरसनाला गुण. सगळ्यांत जास्त गुण ताब्याला. नारळ फोडून, लाल रिबीन बांधलेली चावी हातात देऊन फोटो काढायचा. मग गिऱ्हाइकाने चावी परत करून कॅन्टीनमध्ये वडा खायला जायचं.

अरिबाच्या वाट्याला आले प्राप्तीचे मामा. प्राप्ती तिची वर्गमैत्रीण, हॉस्टेलला एकाच खोलीतली. मामांचं नाव बुधाजी. एके काळी मिठागरात राबलेला माणूस, पुढे न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर ओढणारे ट्रेलर घेतले, आता धंदा मुलांच्या हाती. उरणकडे तीन मजली बंगला, आत लिफ्ट, मजल्यागणिक एक मुलगा, त्याची बायको, पोरं आणि भिंतभर टीव्ही. तीन टीव्हींवर तीन वेगवेगळी भांडणं चालू असत आणि मामा घडीची खुर्ची बगलेत मारून शांत मजला शोधत लिफ्टने खालीवर करत.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वही उघडून बसले. अरिबाने पाठ केलेली वाक्यं सुरू केली, पण मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टीव्हीसमोर उभे होते.

"ह्यो लागतो?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलल्यास गुण कापणार होते. "नाही मामा. पुठ्ठ्याचा आहे."

"कधीच न्हाय लागनार?"

"कधीच नाही."

मामा सोफ्यावर टेकले. दारावरची बेल वाजते का, हे विचारून झालं. ती वाजत नव्हती. वर कोण राहतं? वर गच्ची होती. मग त्यांनी समुद्र लावून बघितला, बंद करून बघितला आणि घ्यायचं ठरलं म्हणून सांगितलं. नारळ फुटला, फोटो निघाला, परीक्षकांनी अरिबाला पैकीच्या पैकी गुण दिले. मामांनी चावी खिशात टाकली आणि आतल्या आखूड पलंगावर जाऊन आडवे झाले. पाय बाहेर येत होते, त्याखाली त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

बाहेर पुढचे विद्यार्थी आपापल्या गिऱ्हाइकांना घेऊन ताटकळत उभे. प्राप्तीने मामांना हाक मारली, हलवलं. ते जागेच होते; म्हणाले, घर आवडलंय, जेवायला उठवा.

विनेश सर पेचात पडले. गिऱ्हाइकाला कधीही उठ म्हणायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. शिवाय कायदा शिकवणाऱ्या सोनल मॅडमनी पुस्तक काढून दाखवलं की ताबा साक्षीदारांसमोर दिलेला आहे. आता माणसाला काढायचं तर रीतसर नोटीस हवी. नोटीस कोण देणार? सोसायटी. सोसायटी कुठाय? नाही. मग आधी सोसायटी स्थापन करावी लागेल, असं ठरलं, आणि त्यात चूक आहे असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही.

सोसायटीला सभासद हवेत म्हणून शेजारचा कॉमर्सचा वर्ग एक फ्लॅट धरला गेला, लायब्ररी दुसरा, स्टाफरूम तिसरा. प्राप्ती सचिव झाली. पहिली सभा सेमिनार हॉलमध्ये भरली आणि पार्किंगवरून इतकी भांडणं झाली की सरांचे डोळे पाणावले. अभ्यासक्रमातलं एक अख्खं प्रकरण समोर घडत होतं. अध्यक्ष कोण व्हावं, तर ज्याचं खरोखर तिथे घर आहे त्याने, म्हणून बुधाजीमामा बिनविरोध निवडून आले. त्यामुळे त्यांना घराबाहेर काढण्याची नोटीस सहीसाठी त्यांच्याकडेच गेली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि भाषा फार मिळमिळीत आहे, नीट लिहून आणा, असा शेरा मारून परत पाठवली.

आठवडाभराने ठमीमामी आल्या. नवऱ्याला बखोटीला धरून न्यायचं, असं ठरवूनच त्या जिना चढल्या होत्या. दार उघडायला अरिबाच होती. मामी सगळ्या घरातून फिरल्या आणि खिडकीशी थांबल्या.

"उघड ही."

"मामी, तो फोटो आहे."

मामींनी काशीदच्या समुद्रावर बोट फिरवलं. वास नाही, खारा वारा नाही, कपाटाला गंज चढायची भीती नाही. लहानपणापासून अंगाला चिकटलेला समुद्र त्यांना पहिल्यांदाच असा गप्प भेटत होता. मग त्या किचनमध्ये गेल्या. शेगडीवर हात ठेवला आणि नखाने रंग खरवडून बघितला.

"नुसतं चित्तर हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर कोन मला भाकऱ्या भाजायला सांगनार न्हाय."

सकाळ-संध्याकाळ चौदा माणसांचं रांधलेल्या बाईने खोचलेला पदर सोडून सोफ्यावर बैठक मारली. जेवण कॅन्टीनमधून येऊ लागलं.

अरिबाला आतून खात होतं. गुण विद्यापीठाकडे गेलेले होते. मामा उठले तर ताबा रद्द आणि तिचं वर्षही, हे खरं. पण आपण दोन म्हाताऱ्या माणसांना पुठ्ठ्यात कोंडलंय, असंही तिला वाटे. शेवटी एका दुपारी ती वर गेली आणि स्पष्टच बोलली. हे घर नाही, भिंतीपलीकडे कॉमर्सवाल्यांचे तास चालतात, नळाच्या मागे पाइपसुद्धा नाही.

"पाइप केमिस्ट्रीतनं आनलाय तुझ्या पोरांनी," मामा म्हणाले. "आनि पोरी, बंगल्यात सगळं खरं हाय. तितं मना कोन विचारत न्हाय. हितं मी नोटीस परत पाठवली तर दुसरी लिवून आनतात."

अरिबा चहा पिऊन खाली आली.

खरं म्हणजे त्या काळात सगळ्यांचंच भलं होत होतं. नळ, दिवे, कचरा यांवर वर्गाने इतकी मेहनत केली की मेन्टेनन्सच्या पेपरात कुणी नापास झालं नाही. विद्यापीठाची पाहणी समिती आली, तिने चपला दाराबाहेर काढल्या, मामींच्या हातचं पाणी प्यायली आणि विभागाची तोंडभर स्तुती करून गेली. समितीचे प्रमुख जाताना सरांना बाजूला घेऊन विचारत होते, वर गच्चीवर आणखी एखादा फ्लॅट निघणार आहे का.

बिनसलं ते मुलांमुळे. घरचं जेवण बिघडल्यावर मामांचा थोरला मुलगा कॅन्टीनमध्ये जेवायला येऊ लागला. मग धाकटे आले, सुना आल्या, पोरं आली. जेवून वर टेकायची पद्धत पडली. अरुंद सोफ्यावर चारजण, पलंगावर पोरांच्या उड्या, प्लास्टिकच्या सफरचंदाला दातांचे व्रण. आणि एक दिवस तिघा मुलांनी मिळून आईबापाला भेट म्हणून खरा टीव्ही आणून भिंतीला ठोकला.

त्याच संध्याकाळी मामांनी अरिबाला बोलावून घेतलं. "घर इकायला काढायचं हाय," ते हळूच म्हणाले. "तूच काढ. पन आमी कुटं जातो ते ह्यांना कलता कामा न्हाय."

तो अरिबाचा पहिला खरा व्यवहार. तिने सूचनाफलकावर कागद लावला. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर विनेश सर तिच्यामागे जिना चढत आले. वर पोहोचल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि फ्लॅट बघायचा आहे म्हणाले. तिला वाटलं, पुन्हा परीक्षा. तिने स्वागताची वाक्यं म्हटली. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"सर, तुम्हाला माहीत आहे ना, हे…"

"माहीत आहे. पडद्यांचं कापड मीच निवडलंय." सर खिडकीपाशी उभे होते. "अरिबा, मी इतकी वर्षं लोकांना घरं कशी विकायची ते शिकवतोय. पनवेलला भाड्याने राहतो. अकरा महिने झाले की करार संपतो, की मी खोकी बांधतो. आता खोकी उघडतच नाही मी, तशीच नेतो." मग ते म्हणाले, "ताबा कधी मिळेल?"

अरिबाने गिऱ्हाइकाला द्यायचं तेच उत्तर दिलं. "तुम्ही म्हणाल तेव्हा, सर."

व्यवहार अदलाबदलीचा ठरला. सरांना फ्लॅट, मामामामींना सरांची पनवेलची भाड्याची जागा, जिचा पत्ता त्यांच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हता. मामांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. टीव्ही सुनांनी उतरवून नेला. सर आपली खोकी घेऊन वर आले आणि प्राप्ती सांगते, पहिल्या दिवशी त्यांनी सोसायटीकडे पार्किंगबद्दल लेखी तक्रार केली.

अरिबा पास झाली. टाय लावायची नोकरी काही मिळाली नाही; दिघीला खाडीपलीकडे जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका ऑफिसात ती लागली. रोज आगरदांड्याहून बोटीने पलीकडे जायचं. पावसाळ्याआधी तिचे अब्बा वली आखातातल्या दोह्याहून रजेवर आले आणि लेक करते तरी काय ते बघायला एका सकाळी तिच्याबरोबर निघाले.

प्लॉट दाखवायचा होता. जागेचा मालक, सदा नावाचा माणूस, छत्री धरून किनाऱ्यावर वाट बघत होता. पुढे सगळं पाणी.

"प्लॉट कुठाय?" अब्बांनी विचारलं.

सदाने पाण्याकडे बोट दाखवलं. ओहोटीला वर येतो, म्हणाला, दोन्ही वेळा, आजवर एकदाही चुकला नाही.

अब्बांनी लेकीकडे बघितलं. अरिबाने शांतपणे फायली दगडाखाली ठेवल्या आणि सांगितलं की दोन गिऱ्हाइकं आधीच येऊन गेलीत, दोघांनाही रस्त्याकडची बाजू हवी आहे. माणसांना जागा का आवडते हे आपण ठरवू नये, एवढं ती शिकली होती. पाणी हळूहळू मागे सरकत होतं. वाळूचा एक कोपरा उघडा पडला तसे वली खाली वाकून विजार गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.

"चल," ते म्हणाले, "आधी चारी कोपरे बघून घेऊ."