तासभर मागे राहिलेला व्हीसीआर

२००७ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेने आपली घड्याळे नेहमीपेक्षा तीन आठवडे आधी पुढे केली, आणि मला ते कोणी सांगितले नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस मला त्यामुळे मिळाला.

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. टीव्हीखाली बसायचे, पोटात टेप घ्यायची आणि सांगितलेल्या वेळी पडद्यावर जे चालू असेल ते तिच्यावर उतरवून ठेवायचे, एवढे माझे काम. घरचे माणूस कामावर असले तरी त्याच्या वतीने मी बघून ठेवत असे.

२००१ साली थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये देवदत्तने मला विकत घेतले. देवदत्त टेक्सासमधल्या शुगर लँड गावात राहायचा आणि एका तेल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काम करायचा. घरात तो, त्याची बायको सुलेखा आणि त्याची आई शरयूकाकू. काकूंनी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे नोकरी केली होती. त्यामुळे बटणांची त्यांना भीती नव्हती. वेळ लावून मला कामाला बसवणे घरात फक्त त्यांना जमायचे. इंजिनियर मुलगा माझे माहितीपुस्तक उघडायचा आणि दोन मिनिटांत मिटायचा.

सुरुवातीची वर्षे माझे फार कौतुक झाले. मंडळाचा गणपती, डोहाळजेवण, मुलांची नाटके, सगळे माझ्यातून दाखवले जाई. काकूंनी माझ्यासाठी क्रोशाचा पांढरा रुमाल विणला. त्याची झालर माझ्या तोंडावर येई आणि माझे हिरवे घड्याळ तिच्यामागे झाकले जाई. हे घड्याळ लक्षात ठेवा. २००४ साली डीव्हीडी प्लेअर आला, माझ्याच डोक्यावर बसला, आणि मला कोणी विचारेनासे झाले. महिनोन्महिने माझ्या पोटात एक रिकामी टेप पडून होती.

मला पुन्हा कामाला लावले ते अबेनाने.

अबेना बोआडी आमच्या शेजारच्या घरात राहायची. ती घाना देशातल्या कुमासी शहरातली, इथे ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तिला काकूंच्या हातचे पोहे आवडत आणि काकूंना तिच्या हातचे तळलेल्या केळ्याचे काप. दोघी इंग्रजीत बोलत. काकूंचे इंग्रजी एक्स्चेंजमधले होते, सावकाश आणि खणखणीत.

अबेनाला एकच मुलगा, क्वामे. घानात मुलाचे नाव तो ज्या वारी जन्मला त्यावरून ठेवतात, आणि क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला. हा शनिवारचा मुलगा मातीच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळत मोठा झाला. १९९९ साली, सोळाव्या वर्षी, एक माणूस त्याला बेल्जियमला खेळायला घेऊन गेला. तिथे थंडी इतकी, की तो मोज्यांवर मोजे घालून सराव करायचा. पुढच्याच वर्षी अबेना अमेरिकेत आली. तिचे कागद पूर्ण होत नव्हते, देशाबाहेर गेली तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि क्वामेला संघातून सुट्टी मिळायची नाही. मायलेकांची भेट फक्त फोनवर.

क्वामे बेल्जियममधून जर्मनीच्या दुय्यम गटात गेला आणि २००५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वरच्या गटातल्या एका हिरव्या-पांढऱ्या संघात आला. पाठीवर सतरा नंबर, डाव्या बाजूचा बचावपटू. आता त्याचे सामने टीव्हीवर दिसू लागले. अबेनाकडे ते चॅनल नव्हते. आमच्याकडे होते, कारण देवदत्तने क्रिकेटसाठी डिश घेतली होती आणि त्यात ते आपोआप आले होते. सामना शनिवारी सकाळी साडेआठला असे, आणि अबेनाची ड्युटी शनिवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात.

“तू कामाला जा,” काकू तिला म्हणाल्या, “आमचं हे मशीन बघून ठेवेल.”

त्या संध्याकाळी अबेनाने सहा वर्षांनी मुलगा पाहिला. ती पडद्याजवळ जाऊन जमिनीवरच बसली. “उंच झालाय,” एवढेच म्हणाली.

मग दर शनिवारी मी साडेआठला खट करून जागा व्हायचो. सामना उतरला की काकू टेपच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकत. तो मोडला की त्या टेपवर दुसरे काही उमटत नाही. वर देवनागरीत चिठ्ठी लावत, ‘क्वामे’ आणि तारीख. अशा अठरा टेप झाल्या.

फेब्रुवारी २००६ मध्ये एकाने क्वामेला पाठीमागून पाडले आणि त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. तो तेरा महिने खेळला नाही. करार २००७ च्या जूनमध्ये संपत होता, आणि खेळाडू उभा राहत नसेल तर संघ त्याला ठेवत नाही. अबेना दर रविवारी फोन करून विचारायची, आणि तो दर रविवारी “बरा आहे” म्हणायचा.

१५ मार्च २००७, गुरुवार. अबेना हॉस्पिटलच्या कपड्यांतच आमच्याकडे आली.

“आँटी, शनिवारी तो पहिल्यापासून खेळणार आहे. मी ड्युटी बदलून मागितली, मिळाली नाही. हा सामना हुकायला नको.”

“कधी हुकलाय?”

“मला गोल वगैरे काही नको. मला त्याचा गुडघा बघायचा आहे. फोनवर तो कसाही असला तरी बराच असतो. मी नर्स आहे. त्याला पळताना पाहिलं की मला कळेल.”

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. शुक्रवारी त्यांनी नवी टेप माझ्या पोटात घातली आणि माझी शनिवारची जुनी वेळ चालू केली.

आता त्या घड्याळाचे सांगतो. उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करायची या देशाची रीत आहे. हे एप्रिलच्या पहिल्या रविवारी करायचे, असे कारखान्यातच माझ्या डोक्यात भरलेले होते आणि मी ते दरवर्षी न चुकता करायचो. त्या वर्षी सरकारने तारीख मार्चमध्ये आणली. देवदत्त आठवडाभर ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना ही नवी तारीख शिकवत होता. घरी येऊन त्याने भिंतीवरचे घड्याळ पुढे केले, मायक्रोवेव्हचे केले, गाडीतले केले. रुमालाच्या झालरीमागे त्याने पाहिले नाही. काकूंनी त्याला विचारलेही होते, की जर्मनीच्या वेळेचे काय.

“आई, ते पण घड्याळ बदलतात, आपण पण बदलतो. डिफरन्स सेम राहतो. साडेआठ म्हणजे साडेआठ.”

शनिवारी आमच्याकडे गर्दी होती. वेस्ट इंडिजमध्ये क्रिकेटचा विश्वचषक चालू होता, आणि भारताचा बांगलादेशाशी सामना त्याच सकाळी. देवदत्तचे मित्र विनय आणि नंदू सकाळीच येऊन सोफ्यावर बसले. डिशच्या डब्यावर एका वेळी एकच चॅनल लागायचे, आणि मी उतरवणार तेच, जे पडद्यावर असेल.

बरोबर साडेआठला काकूंनी रिमोट मागितला.

“काकू, पहिलाच बॉल पडतोय,” विनय म्हणाला.

“माझं आधी ठरलंय. सुलेखाला विचार.”

चॅनल बदलले. पडद्यावर टाय लावलेली दोन माणसे टेबलाशी बसून बोलत होती. पाच मिनिटे गेली, दहा गेली. माणसे बोलतच होती.

“काकू, यातला आपला कोणता?” नागपूरच्या नंदूने गंभीरपणे विचारले. “तो टकला चांगला वाटतो मला. डाव्या बाजूला पण बसलाय.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा लाल दिवा लागला नव्हता. माझ्या हिशेबाने अजून आठही वाजले नव्हते, मी कशाला लावू? पण त्यांना वाटले, सामनाही नाही आणि मशीनही गेले. पावणेनऊला त्यांनी रिमोट देवदत्तच्या मांडीवर ठेवला.

“लावा तुमचं.”

“आई, मॅच कॅन्सल झाली असेल. तू काय करणार त्याला?”

“संध्याकाळी ती येईल. तिला सांगायचं मला आहे.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पोहे भिजवले, कांदा चिरायला घेतला. बाहेर भारताचे गडी बाद होत होते आणि सोफ्यावरचे आवाज बारीक होत चालले होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले. माझ्या घड्याळात साडेआठ. मी खट करून जागा झालो आणि लाल दिवा लावला.

तो आवाज सोफ्यावर कोणाला ऐकू गेला नाही. पण तीस वर्षे टेलिफोनच्या खटक्यांत काढलेल्या बाईला फोडणीच्या तडतडीतूनही तो ऐकू गेला. काकू हातात उलथने घेऊन बाहेर आल्या.

“देवदत्त, चॅनल बदल.”

“आत्ता? आई, इथे सगळे आउट होतायत.”

“ते तुझ्याशिवाय पण होतील. बदल.”

पडद्यावर हिरवे मैदान आले. शिटी होऊन दोन मिनिटे झाली होती. डाव्या कडेने सतरा नंबर पळत होता.

विनयने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “अरे, जर्मनी महिनाअखेरीला चेंज करते. आपणच या वर्षी आधी केलं. म्हणजे आपले साडेनऊ. हा व्हीसीआर जुन्या टाइमवर आहे, म्हणून करेक्ट निघाला.”

देवदत्तने डोके धरले. “यार, ऑफिसमध्ये चारशे मशीन्स पॅच केल्या मी.”

“घरातलं एक राहू दिलंस, ते बरं केलंस,” काकू म्हणाल्या. तो माझे घड्याळ नीट करायला पुढे झाला, तर त्यांनी उलथनेच आडवे धरले. “हात नको लावू त्याला.”

मग त्या तिघांनी पोहे खात अख्खा फुटबॉलचा सामना बघितला. क्रिकेट परत लावा, असे कोणी म्हणाले नाही. भारत त्या दिवशी हरला, तेव्हा त्यांचे फारसे नुकसान झाले नाही.

अबेना पावणेआठला आली. “काय झालं ते सांगू नका,” दारातूनच म्हणाली, आणि नेहमीसारखी जमिनीवर बसली. काकू तिच्या शेजारी, खुर्चीत.

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो तास दाखवले, पण असे बघणारे माणूस दुसरे पाहिले नाही. चेंडू कुठे आहे याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. गोल झाला तेव्हाही ती सतरा नंबरच्या डाव्या पायाकडेच बघत होती. त्रेसष्टाव्या मिनिटाला एक धिप्पाड खेळाडू त्याच्यावर आदळला आणि क्वामे खाली पडला. अबेनाचा हात तोंडावर गेला. काकूंना पुढचे माहीत होते, पण सांगायचे नाही असे ठरले होते. त्यांनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला.

क्वामे उठला. दोन पावले चालला, चार पावले पळाला, आणि त्याच डाव्या पायावर गर्रकन वळून चेंडूमागे सुटला.

“थांबवा,” अबेना म्हणाली. काकूंनी टेप मागे घेतली. ते वळणे तिने पाच वेळा पाहिले.

“गुडघा बरा आहे,” शेवटी ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि विचारले, “सकाळचे पोहे उरलेत का?”

काकूंनी टेपचा तुकडा मोडला. चिठ्ठीवर लिहिले, ‘१७ मार्च. गुडघा बरा.’

मेमध्ये संघाने क्वामेचा करार दोन वर्षांनी वाढवला. २००८ च्या जूनमध्ये तो शुगर लँडला आला. काकूंनी त्याला दारातच ओवाळले, आणि तो अबेनापेक्षा हातभर उंच आहे हे मी स्वतः पाहिले. त्याने ती टेप लावायला सांगितली. सुरुवातीला दोन मिनिटे क्रिकेट येते, कारण चॅनल बदलेपर्यंत मी तेच उतरवले होते.

“हे निळ्या कपड्यांतले कोण?” त्याने विचारले.

“त्यांचं काही विचारू नकोस,” देवदत्त म्हणाला.

मग त्याने चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते विचारले. काकूंनी वाचून इंग्रजीत सांगितले. क्वामे मोठ्याने हसला, आणि मग बराच वेळ ती टेप हातात धरून बसला.

त्याच वर्षी देवदत्तने नवा डबा आणला, ज्याला टेप लागत नाही आणि घड्याळ कोणाला लावावे लागत नाही. सुलेखा मला गॅरेजमध्ये ठेवायला निघाली होती. अबेना आली आणि मला, रुमालासकट, उचलून घेऊन गेली.

पुढे क्वामे आणखी सहा वर्षे खेळला. आता तो कुमासीत मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि मुलांनी गुडघा दुखतो म्हटले की खेळ थांबवतो. देवदत्त आणि सुलेखा टेक्सासमधल्याच प्लेनो शहरात राहायला गेले. नंदू नागपूरला परतला. विनय अजून दर मार्चमध्ये सगळ्यांना जर्मनीची वेळ कळवतो. शरयूकाकू २०१५ साली गेल्या. अबेना त्यांच्या तेराव्याला केळ्याचे काप घेऊन आली होती. तिचे कागद कधीच पूर्ण झाले. आता ती दरवर्षी कुमासीला जाऊन येते, आणि परत आली की एकदा ती टेप लावते.

मी तिच्या टीव्हीखाली आहे. माझे घड्याळ कोणी बदललेले नाही, त्यामुळे वर्षातले काही आठवडे मी अजूनही तासभर मागे असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. टाकून द्यायचे असेल तर खुशाल टाका, जागा कोणालाच पुरत नाही. पण त्याआधी एकदा ते लावून बघा. त्याच्या पोटात कोणाचा तरी गुडघा बरा झालेला असेल.