पत्र मिळाले, आभारी आहोत

“काका, ही सगळी उत्तरं तुम्ही पाठवलीत?” कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या बाईंनी विचारले.

“मग? पत्र आलं की पोच द्यायची. एकतीस वर्षं तेच करतोय.”

नेत्रपेढीच्या आवक टेबलावर जन्म काढलेल्या या गृहस्थांना सगळे पोचकाकाच म्हणत. कागदाची पत्रे गेली, ईमेल आले, पण काकांचा नेम तोच राहिला. लॉटरी लागल्याचे पत्र असो की कर्ज घ्या म्हणणारे, प्रत्येकाला उत्तर जायचे: ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.’ केस उगवण्याचे तेल विकणाऱ्याला तर त्यांनी, आमच्याकडे फक्त डोळ्यांचे काम होते, असेही नम्रपणे कळवले होते.

आता रोज दीडशे फालतू ईमेल येत आणि त्यांत खरी पत्रे बुडून जात. वैतागून साहेबांनी सांगून टाकले होते की पाचपर्यंत पेटी साफ झाली नाही तर हा पत्ताच बंद.  नेत्रदानाच्या हजारो कार्डांवर हाच पत्ता छापलेला होता. ती कार्डे लोकांच्या पाकिटांत, कपाटांत होती. उद्या कुणी लिहिले तर ते जाणार कुठे?

“उत्तर गेलं की त्यांना कळतं, इथे माणूस बसलाय,” बाई म्हणाल्या. “मग तोच पत्ता ते आणखी दहा जणांना विकतात. ‘नको असल्यास इथे दाबा’ असतं ना, तेही अनोळखी पत्रात दाबायचं नाही. स्पॅम म्हणून खूण करायची नि सोडून द्यायचं. ओळखीच्या दुकानाचं असेल तर खुशाल बंद करा.”

“म्हणजे वाढवलं मीच.” काकांचा चेहरा उतरला.

 बाईंनी वेबसाइटवर उघडा पडलेला पत्ता काढून, पत्ते गोळा करणाऱ्या यंत्रांना वाचता येऊ नये म्हणून तिथे त्याचे चित्र टाकले, चाळणीचे नियम लावले आणि एक बटण दाबले. पडद्यावरचा एकेचाळीस हजारांचा आकडा भराभर उतरू लागला. जन्मभर एकेक पाकीट फोडून वेगळे करणारे काका खुर्ची पुढे ओढून तो आकडा बघू लागले. हे त्यांच्या हाताने व्हायला आणखी एक जन्म लागला असता.

“सगळं वाचलं यानं?”

“चाळलं. चुकतंसुद्धा कधी. म्हणून स्पॅमच्या पेटीत रोज एकदा डोकवायचं.”

“आत्ताच डोकावतो.”

काका यादीवरून बोट फिरवत निघाले. पानांमागून पाने गेली. मग बोट थांबले. विषयाची जागा कोरी होती.

“एवढ्यांतून हेच कसं दिसलं तुम्हाला?” आता थक्क व्हायची पाळी बाईंची होती.

“काही विकायला आलेला माणूस इतका गप्प नसतो.”

पत्र आठ महिन्यांपूर्वीचे होते. ‘गेल्या वर्षी ह्यांचे डोळे तुमच्याकडे दिले. कुणाला बसवले ते विचारत नाही. त्यांना दिसतं का, एवढंच कळवाल का?’

खाली उत्तर होते. ‘आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.’

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांना स्वतःची लाज वाटली. रोजच्या दीडशेंच्या रगाड्यात न वाचताच पोच गेली होती. ते उठले, कपाटातून कुणाचे डोळे कुणाला बसवले त्याचे रजिस्टर काढले, पान शोधले, दोनदा ताडून पाहिले.

पाचला साहेब दारात आले. पेटीत सतरा पत्रे उरलेली पाहून म्हणाले, “राहू दे मग हा पत्ता.”

काकांनी मान हलवली, पण वळून पाहिले नाही. एका बोटाने ते लिहीत होते. ‘आपले पत्र मिळाले’ एवढे आपसूकच उमटले होते. ते त्यांनी खोडले आणि लिहिले: ‘दोघांना दिसतं. उशीर माझ्याकडून झाला.’

मग त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले, खुर्चीतून उठले, आणि उभ्यानेच ते पत्र पाठवले.