तळहाताएवढी जागा

"मोडा, सुमिए-सान! नुसती रेघ ओढून काय उपयोग? मोडा!"

शिकवणारे कुवाबारा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, मागे येऊन उभे राहिले होते. सुमिएच्या हातात निळी काच होती. काचेवर कटरने ओढलेली रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून ती केव्हाची तशीच बसली होती.

"काचेला लागेल म्हणून भितायत त्या," शेजारच्या नोबे-सान म्हणाल्या. अख्खा वर्ग हसला. सुमिएही हसली, डोळे मिटून तिने अंगठे दाबले. काच रेघ सोडून भलतीकडेच मोडली.

"चौथी," नोबे-साननी मोजलं. "आता सेन्सेईंना घर विकायला लावणार तुम्ही."

जपानमधल्या इमाबारी शहराच्या नगरभवनात दर गुरुवारी दुपारी रंगीत काचकामाचा नवशिक्यांचा वर्ग भरायचा. आठ जणी होत्या. कुणाला नातीसाठी दिवा करायचा होता, कुणाला निवृत्त नवऱ्यापासून आठवड्यातून दोन तास सुटका हवी होती. नोबे-साननी चाळीस वर्षं सार्वजनिक न्हाणीघर चालवलं होतं. ते बंद पडल्यावर हातांना चैन पडेना म्हणून त्या आल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या सुमिए ओचीने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "जुनं घर पाडणार आहेत. दाराची एक काच जपून ठेवायचीय, भोवती रंगीत पट्ट्या लावून."

त्यापुढचं तिने कुणालाच सांगितलं नाही. लोकांच्या चहात आपलं दुःख कशाला कालवायचं, असा तिचा आयुष्यभराचा हिशेब.

काच होती साधीच, धुरकट. बाहेरून आतलं दिसू नये म्हणून घरोघरी दाराला असते तशी. पण खालच्या बाजूला, सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, तळहाताएवढा एक पिवळसर चौकोन होता.

सुमिए तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात होती. पाळी सहाला सुटायची, आणि तिची मुलगी चिगुसा शाळेतून येऊन तीन तास घरी एकटी असायची. धुरकट काचेवर चिकटपट्टी लावली की तेवढ्यापुरतं आरपार दिसतं, हा शोध तिला शाळेत कुणीतरी सांगितला. तिने तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या. त्या संध्याकाळी सुमिए गल्लीत वळली, आणि तिचा हात लागायच्या आतच दार उघडलं.

"आई, तू मला कोपऱ्यापासून दिसलीस! आधी छत्री दिसली, मग तू!"

सुमिएचे पाय दुखत होते. ती म्हणाली, "काच घाण केलीस? घरमालक काय म्हणतील? काढ आधी ते."

चिगुसाने रडत रडत नखाने वरचा कोपरा खरवडला. पट्टी निघेना. "राहू दे, उद्या काढू," असं सुमिए म्हणाली, आणि तो उद्या काही आला नाही. रोज संध्याकाळी दार आपोआप उघडत राहिलं. मग जूनमध्ये मुलीला ताप भरला. मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांत सगळं संपलं.

पुढे पट्टी वाळून गळून पडली. तिचा गोंद मात्र काचेवरच राहिला, आणि गोंदात नखाचे चार ओरखडे. दर वर्षअखेरीला सगळं घर धुऊन काढताना सुमिए ती काचही पुसायची, तेवढी तळहाताएवढी जागा सोडून. शेहेचाळीस वर्षं ती जागा सोडत आली होती.

दारातली काच मापाला कापून द्यायचं काम सेन्सेईंनी स्वतः केलं. "जुनी काच ठिसूळ असते, तुमच्या हाती नको. आणि हा डाग? काढून टाकायचा ना?"

"नको" म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागतं. ती म्हणाली, "बघते नंतर."

दोन महिन्यांत तिच्या हाताला वळण लागलं. निळ्या पट्ट्या झाल्या, हिरव्या झाल्या. खालची पट्टी तिने लाल घेतली, चिगुसाच्या दप्तराच्या रंगाची. कडा घासून झाल्या. आता प्रत्येक तुकड्याला तांब्याची पट्टी गुंडाळायची, आणि मग वितळलेल्या कथलाचा डाग देऊन सगळं जोडायचं. काचेला जराही तेलकटपणा राहिला तर तांबं धरत नाही, म्हणून आधी तुकडे स्वच्छ धुवायचे, असं सेन्सेईंनी सगळ्यांना बजावलं.

त्या गुरुवारी चहाची पाळी सुमिएची होती. मागच्या छोट्या स्वयंपाकघरात तिने बार्लीचा चहा गार केला, नऊ पेले भरले आणि तबक घेऊन ती बाहेर आली.

"सुमिए-सान, बघा बघा!" नोबे-सान बेसिनपाशी उभ्या होत्या. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि नाकावर घाम होता. "म्हटलं तुम्ही चहा करताय, तोवर तुमचे तुकडे धुऊन टाकावेत. आणि हा मेला डाग! साबणाने जाईना, थिनरने जाईना. शेवटी पातं घेतलं. चाळीस वर्षं फरशा घासल्यात मी, माझ्यापुढे काय टिकतोय तो!"

त्यांनी काच खिडकीकडे धरली. काच पांढरी आणि सगळीकडे सारखी होती.

सुमिएने आधी तबक टेबलावर ठेवलं. एकाही पेल्यातलं सांडलं नाही. मग दोन्ही हात मांडीशी नेऊन ती कमरेत वाकली.

"किती कष्ट घेतलेत माझ्यासाठी. मनापासून आभार."

"अहो, कष्ट कसले त्यात!" नोबे-सान लाजल्या. बाई खरोखरच मनाने चांगल्या होत्या, हेच तर सगळ्यात वाईट होतं. त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

सुमिए जागेवर बसली. तिने काच घेतली आणि कडेला तांब्याची पट्टी गुंडाळू लागली. सेन्सेई फिरत फिरत तिच्यापाशी येऊन थांबले.

"वा! आज पहिल्यांदा तुमचा हात थरथरला नाही, सुमिए-सान."

"हो," ती म्हणाली. "आज कसलीच भीती वाटत नाहीये."

काही आठवड्यांनी जोडकाम होऊन वर्ग संपला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या वस्तू कापडात गुंडाळून घरी नेल्या. सरकारी वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात सुमिएने आपली काच जमिनीपर्यंतच्या खिडकीला टांगली. साखळी लांब ठेवली होती, त्यामुळे डागाची जागा दारात होती तेवढ्याच उंचीवर आली. येताना तिने चिकटपट्टीची एक गुंडाळी आणली होती. तिने तीन तुकडे कापले, बोटांवर घेतले, आणि बराच वेळ ते नुसतेच धरून ठेवले. लावले असते तर ते तिचे झाले असते, चिगुसाचे नाही. तिने ते चुरगाळून टाकून दिले.

सहा वाजत आले होते. ती गुडघ्यांवर बसली, काचेसमोर. कुठली जागा ते तिच्या बोटांना अजून ठाऊक होतं. तिने अंगठा जिभेला लावून ओला केला आणि तिथे फिरवला.

ओल्या जागेतून खालची गल्ली लख्ख दिसली. बसथांबा दिसला, आणि बसमधून पिशव्या घेऊन उतरणाऱ्या बायका. सुमिए त्यांच्याकडे बघत राहिली. मग थुंकी वाळली, आणि काच पुन्हा धुरकट झाली.

तिने अंगठा पुन्हा ओला केला.