दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. जुनी म्हणजे वयाने. अंगावर एक ओरखडाही नाही माझ्या. जी किल्ली कामाला येते ती झिजते. मी मात्र 'दुसरी किल्ली'. पहिली हरवली तर असावी म्हणून माझ्यासारखीला घडवतात आणि कुठेतरी ठेवून विसरून जातात. मला मात्र कुणी विसरत नाही. मला एका कामासाठी जपून ठेवले आहे आणि ते काम काही चांगले नाही.

एका कारखान्यात आम्ही जुळ्या बहिणी एकाच पट्टीतून कापल्या गेलो. एकाच यंत्राने आमचे दाते पाडले. मग एका लहानशा पांढऱ्या गाडीबरोबर आम्हाला पाठवले. गाडीच्या पहिल्या मालकाने बहिणीला खिशात ठेवले आणि मला मोज्यांच्या खणात टाकले. तिथे माझी बरीच वर्षे गेली. अंधार होता, पण कुणाचे वाईट माझ्या हातून घडत नव्हते. त्या दिवसांची आता फार आठवण येते.

पुढे ती गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानात विकायला आली आणि एका नर्सबाईंनी ती पसंत केली. या नर्सबाई घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंग करीत, इंजेक्शने देत. टेकडीवरच्या वस्तीत एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना रोज सकाळी इंजेक्शन घेतल्याशिवाय खाता येत नसे, आणि टेकडीवर पहिली बस जायची ती दहानंतर. गाडी असेल तरच मास्तरांना 'येते' म्हणता येणार होते.

कर्ज देणाऱ्या कचेरीत मी टेबलावर पडून सारे ऐकत होते. तिथले साहेब फार मऊ बोलत. गोगलगाय नि पोटात पाय, असा माणूस.

"ताई, अडचण एवढीच आहे की तुमची पत नाही," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "माझी पत नाही? अहो, आमच्या घरात कधी कुणी कुणाचा एक पैसा बुडवला नाही."

"बुडवला नाही, पण घेतलाही नाही ना. कधी कर्जच घेतलं नाही, मग तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कळायचं कसं?"

मित्रांनो, अशा गोष्टीवर हसावे की रडावे? उसने न घेणे हा त्या घराचा अभिमान होता, आणि इथे तोच नडत होता. साहेबांनी मग वाट काढली. व्याज जास्त लागेल. कुणाला तरी जामीन राहावे लागेल. आणि गाडीची दुसरी किल्ली कचेरीत राहील.

"दुसरी किल्ली कशाला?" बाईंनी विचारले.

"नियम आहे," साहेब हसून म्हणाले.

जामीन म्हणून बाईंचे थोरले भाऊ आले. ते इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करीत. सही करता करता म्हणाले, "हिची काळजी नको साहेब. लहानपणी माझी उसनी पेन्सिलसुद्धा टोक करून परत द्यायची ही." सगळे हसले. माझी जुळी बहीण नर्सबाईंच्या पर्समध्ये गेली आणि मला कपाटात टांगले.

ते कपाट पैसे भरायच्या खिडकीमागे होते, काचेच्या दाराचे. आत खुंट्यांच्या रांगा आणि प्रत्येक खुंटीवर एकेक दुसरी किल्ली. कधीकधी पांढरे बूट घातलेला एक माणूस येई. तो फार बोलत नसे. साहेब बोट दाखवीत, तो एखादी किल्ली काढून नेई आणि संध्याकाळी परत लावी. तो आत आला की आम्हा सगळ्यांना धडकी भरायची.

बाई हप्ते वेळेवर भरत होत्या. दर महिन्याला ठरल्या तारखेला त्यांच्या बँकेच्या खात्यातून पैसे आपोआप कापले जात. एकदा एका घरून त्यांना बरेच महिने थकलेली फी एकदम मिळाली. दुसरे कुणी असते तर चैन केली असती. ह्या बाई लगेच कचेरीत आल्या आणि दोन महिन्यांचे हप्ते खिडकीत मोजून ठेवले.

"आगाऊच भरून टाकते बाई. म्हणजे दोन महिने डोक्याला ताप नाही."

रोखपाल फोनवर बोलत होता. "हो, हो," म्हणत त्याने पैसे घेतले, पावती फाडून हातात दिली.

इथेच घोळ झाला. कारण मागे साहेब एका गृहस्थांना समजावत होते ते मी ऐकले होते. आगाऊ भरलेले पैसे पुढच्या हप्त्याला लागत नाहीत, ते मुद्दलातून वजा होतात. हप्ता आपल्या तारखेला मागायला येतोच. पुढच्या हप्त्यांसाठी भरायचे असतील तर तसे सांगून लिहून घ्यावे लागते. जन्मात कधी कर्ज न घेतलेल्या बाईंना हे कोण सांगणार? मी ओरडले असते, पण किल्लीला तोंड कुठे असते!

बाईंनी निर्धास्तपणे गाडीला नवे टायर घातले. खाते रिकामे झाले. पुढच्या महिन्याचा हप्ता परत गेला, मग त्याच्या पुढचाही. त्यांच्या फोनवर 'हप्ता भरा' असे संदेश येत राहिले. "भरलेत की मी! यंत्राला काय कळतंय," म्हणून त्यांनी ते सोडून दिले. आधी भरायला गेल्या, आणि झाले काय? हात दाखवून अवलक्षण!

मग एके सकाळी पांढरे बूट कपाटासमोर थांबले आणि साहेबांचे बोट माझ्याकडे वळले.

गाडी एका इमारतीखाली उभी होती. बाई वर कुणाचे तरी ड्रेसिंग करायला गेल्या होत्या. त्या माणसाने मला दारात घातले. दार उघडले. मग मला स्टिअरिंगखाली घालून फिरवले. मित्रांनो, मला फिरायचे नव्हते. पण माझे दाते त्याच गाडीसाठी पाडलेले, ती लगेच सुरू झाली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच.

मागच्या सीटवर औषधांचा थंड डबा होता. पुढच्या सीटवर बाईंचा फोन. थोडे अंतर गेल्यावर तो वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. पांढऱ्या बुटांबरोबर आलेल्या साथीदाराने नाव वाचले, "कुणी मास्तरांची सूनबाई आहे."

"वाजू दे," पांढऱ्या बुटांचा माणूस म्हणाला.

कचेरीच्या आवारापर्यंत तो वाजतच होता.

पुढचे मला दुसऱ्या दिवशी खिडकीत कळले. बाई खाली आल्या तेव्हा गाडी नव्हती. गाडी चोरीला गेली असे समजून त्या पोलीस चौकीत तक्रार लिहीत बसल्या, आणि तिथेच दुपारी त्यांना कळले की हप्ते थकले म्हणून कचेरीनेच ती उचलून नेली. टेकडीवर मास्तर उपाशी वाट पाहत होते. सून म्हणाली, दुसऱ्या कुणाला बोलावू का, थोडं खाऊन तरी घ्या. ते म्हणाले, "ती येते म्हणाली म्हणजे येणार." शेवटी उठून दाराशी बघायला गेले, भोवळ येऊन पडले आणि मांडीचे हाड मोडले.

भावाने पदरचे पैसे घालून थकलेले हप्ते भरले. बाईंना गाडी मिळाली, फोनही मिळाला. तो हातात येतो न येतो तोच वाजला. पलीकडची सूनबाई एवढी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आले.

"ताई, तुम्ही आता येऊ नका. बाबा अजून तुमचंच नाव घेतात, पण माझा जीव धजत नाही."

बाईंनी फोन ठेवला. त्या रडल्या नाहीत. भावाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाल्या, "दादा, कर्जवाल्यांनी पत नाही म्हटलं होतं, तेव्हा मला राग आला होता. पण मास्तरांकडे होती ना रे माझी पत. तीच गेली."

त्या गेल्यावर रोखपाल मला मागच्या रांगेत लावू लागला. साहेब म्हणाले, "मागं नको. तिच्या नावावर आता दोन हप्ते चुकल्याची नोंद आहे. दाराजवळ लाव, पटकन हाताला यायला हवी."

तेव्हापासून मी दाराजवळच्या खुंटीवर आहे.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुठेतरी सही कराल. तेव्हा पैसे भरताना ते कशात जमा होतात हे विचारायला लाजू नका. समोरचा फोनवर असला तर तो ठेवेपर्यंत थांबा. पावती वाचा. आणि स्वतःच्या गाडीत बसून ऐटीत किल्ली फिरवाल, तेव्हा तुमची दुसरी किल्ली कुणाच्या खुंटीवर आहे, तेवढे ध्यानात ठेवा.